गोल आणि उभी रेघ

सरकारी वकिलांची कचेरी तीन मजल्यांची होती. खालच्या मजल्यावर चोऱ्यामाऱ्या, वरच्या मजल्यावर खून-दरोडे आणि मधल्या मजल्यावर नवरा-बायको. वरच्या मजल्यावरची मंडळी जिन्यात भेटली की छाती काढून चालायची, कारण त्यांची नावं वर्तमानपत्रात यायची. मधल्या मजल्यावरच्यांची कुठेच यायची नाहीत. घरोघरी मातीच्या चुली, त्यांच्या धुराची बातमी कोण छापणार?

वकीलबाई या मधल्या मजल्यावर एकोणीस वर्षं होत्या. टेबलाच्या डाव्या हाताला नव्या फायली, उजव्या हाताला तारीख लागलेल्या, आणि मागे खिडकीच्या कट्ट्यावर ज्यांचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही अशा. महिन्याला साठेक प्रकरणं त्यांच्या एकट्यांच्या वाट्याला यायची. त्यांचं डोकं नवऱ्यांनी कमी आणि बायकांनी जास्त उठवलं होतं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. नवऱ्याचं काम सोपं, तो मारतो आणि नाही म्हणतो. बायको मात्र पोलिसांपुढे सांगते की त्यानं मारलं, आणि चार महिन्यांनी न्यायाधीशांपुढे सांगते की माझाच पाय घसरला. मग सरकारी वकील तिथे उभा असतो तो निव्वळ शोभेला.

म्हणून मधल्या मजल्यावर एक पद्धत पडली होती. ती कुठल्याही नियमात नव्हती, कुठल्याही परिपत्रकात नव्हती. तक्रार देणारी बाई पहिल्यांदा भेटून गेली की हेडक्लार्क दारातून डोकं आत घालायचा आणि विचारायचा, “रेघ की गोल?” हा हेडक्लार्क सत्तावन्न वर्षांचाच होता, पण भुवया पांढऱ्या असल्यामुळे सगळी कचेरी त्याला आजोबा म्हणायची. वकीलबाईंनी ‘रेघ’ म्हटलं की आजोबा फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढायचा. म्हणजे ही बाई साक्षीला उभी राहील. ‘गोल’ म्हटलं की एक गोल काढायचा. म्हणजे ही फिरणार. पेन्सिलीनं अशासाठी, की फाईल न्यायालयात जाण्याआधी खोडता यावं.

पुढचं सगळं त्या खुणेवर चालायचं. रेघ असलेल्या फायलीसाठी डॉक्टरांचं सविस्तर मत मागवायचं, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, फोटो मोठे करून लावायचे. गोल असलेल्या फायलीवर एवढी मेहनत कोण करणार? ती नवऱ्याच्या वकिलाकडे तडजोडीला जायची. मोठा आरोप सोडून छोटा कबूल करून घ्यायचा, पदरात पडेल ते पवित्र मानायचं आणि पुढची फाईल ओढायची. एका वर्षी आजोबानं फुरसतीत हिशेब मांडला होता. दहा गोलांपैकी नऊजणी खरोखर फिरल्या होत्या, म्हणजे तक्रार मागे घ्यायला आल्या होत्या. वकीलबाईंची नजर म्हणजे काय, असं त्यानं कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. दहाव्या बाईचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती बाई आली तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. वय पस्तिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ लोकांनी गाडी खांबावर नेली तरी त्याचा आवाज चढत नाही, अशी गावभर त्याची ख्याती होती. तो सगळा आवाज तो घरी घेऊन येत असावा.

तिनं तारीख सांगितली, वेळ सांगितली. घरात जिन्याखाली सामानाची एक खोली होती. भांडण वाढलं की ती त्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची, तो थंड होईपर्यंत. त्या दिवशी दार लावायच्या आत तिचा हात चौकटीत होता आणि त्यानं बाहेरून दारावर खांदा टेकला. “टेकला म्हणजे?” वकीलबाईंनी विचारलं. “टेकला आणि काढला नाही,” ती म्हणाली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

वकीलबाईंच्या मनात रेघ जवळजवळ ओढून झाली होती. बोलण्यात रडारड नव्हती, ‘तसा तो चांगला आहे हो’ नव्हतं, तारखांचा घोळ नव्हता. वीस मिनिटं झाली, ती उठली, डाव्या हातानं पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी थांबली.

“एक विचारू? त्याला रक्तदाबाचं औषध असतं, सकाळचं. तिथे कोठडीत कुणी देतं का ते?”

“देतात,” वकीलबाई म्हणाल्या.

ती गेली. आजोबाचं डोकं आत आलं. “रेघ ना?”

“गोल.”

“अहो, एवढी स्पष्ट बोलत होती. मला बाहेर ऐकू येत होतं.”

“जाताना त्याचं औषध विचारून गेली. जी नवऱ्याचं औषध विचारते ती महिन्याभरात परत नांदायला जाते. लिहून ठेवा.”

शितावरून भाताची परीक्षा करायची तर ते शीत नेमकं हेच, याबद्दल बाईंना काडीची शंका नव्हती. अशा किती पाहिल्या होत्या. कुणी त्याचे इस्त्रीचे कपडे घेऊन आली होती, कुणी त्याची चष्म्याची डबी. त्या सगळ्या फिरल्या होत्या. आजोबानं गोल काढला.

तीन महिने गेले. नवरा जामिनावर सुटला होता आणि घराजवळ फिरकायचं नाही अशी त्याला ताकीद होती. तो आपल्या आईकडे राहत होता. फाईल गोलांच्या गठ्ठ्यात आपली पाळी येईपर्यंत पडून होती आणि तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मग एके दिवशी जिन्यात नवऱ्याच्या वकिलांनी बाईंना गाठलं. हे गृहस्थ इतकं गोड बोलायचे की सगळ्या इमारतीत त्यांना ‘मधाचं बोट’ म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं.

“बाई, कशाला ताणायचं? हाड मोडल्याचा आरोप काढा, साधी मारहाण ठेवा. माझा माणूस कबूल करतो. वर्षभर घराकडे नि तिच्या दुकानाकडे जाणार नाही. राग आवरायचे वर्ग असतात ना, ते सव्वीस आठवडे करील. झालं. नाहीतर ती बाई फिरली की तुमच्या हाती धुपाटणं.”

वकीलबाईंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. वर्षभर तो लांब राहील, हे पक्कं. खटला उभा केला आणि ती फिरली तर तो त्याच संध्याकाळी घरी. त्यांनी कागद तयार केले. शेवटच्या पानावर एक रकाना होता: ‘तक्रारदाराला विचारले आहे: होय / नाही.’ बाईंनी ‘होय’वर खूण केली. खरं तर विचारलं नव्हतं. पण विचारून काय होणार होतं? ती म्हणाली असती की सगळंच सोडून द्या. ते तिच्याच भल्याचं नव्हतं. तेव्हा न विचारणं हाच तिच्यावर उपकार, असा हिशेब बाईंनी इतक्या वेळा केला होता की आता करावाही लागत नसे.

ठरल्या दिवशी अकरा वाजता दोन नंबरच्या दालनात दहा मिनिटांत काम उरकलं. नवरा चांगले कपडे घालून आला होता. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. त्यांनी रुमालाआडून विचारलं, “गुन्हा कबूल?” तो म्हणाला, “कबूल.” त्यांनी बाईंना विचारलं, “तक्रारदाराशी बोलणं झालंय?” बाई म्हणाल्या, “होय.” आदेशावर बारा वाजता सही होईल, असं सांगून न्यायाधीशांनी पुढचं प्रकरण पुकारायला लावलं.

बाई बाहेर आल्या, यंत्रातून कागदी कपात चहा घेतला आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “मला कधी बोलावतील?”

चष्म्याच्या दुकानातली ती होती. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट बारीक दिसत होतं. आजोबा सगळ्याच तक्रारदारांना एक छापील पत्र पाठवायचा, ‘हजर राहणे सक्तीचे नाही’ म्हणून. ते पत्र वाचून एरवी कुणी येत नसे. ही आली होती. पत्रात चार नंबरचं दालन लिहिलं होतं आणि प्रकरण सकाळी दोन नंबरला हलवलं होतं, त्यामुळे ती नऊ वाजल्यापासून चार नंबरच्या बाहेर बाकावर बसून होती. तिच्या हातात दुकानातल्या कार्डांचा छोटा गठ्ठा होता. कार्डांच्या पाठीमागे तिनं बारीक अक्षरात काहीतरी लिहून आणलं होतं.

“झालं ते,” वकीलबाई म्हणाल्या. “त्यानं कबूल केलं.”

“काय कबूल केलं?”

बाईंनी सांगितलं. साधी मारहाण, वर्षभर लांब, वर्ग. आपण चांगली बातमी सांगतोय अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली, पण तो आवाज शेवटपर्यंत टिकला नाही.

“आणि हाताचं?”

“ते सोडलं. तडजोडीत सोडावं लागतं.”

“मग माझं कधी?”

“तुमचं काय?”

“माझं सांगायचं. मी सांगायला आलेय.” तिनं कार्डं पुढे केली. “विसरायला होतं म्हणून लिहिलंय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहायची.”

वकीलबाईंनी कार्डं हातात घेतली नाहीत. त्यांना लाज वाटली. एकोणीस वर्षांत इतकी साधी लाज त्यांना फारशी वाटली नव्हती, आणि त्या लाजेचं काय करायचं हे त्यांना चटकन सुचेना.

“मला वाटलं, तुम्ही साक्ष देणार नाही,” त्या म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही त्याच्या औषधाचं विचारलंत.”

 मग तिला हसू आलं, पण ते हसू काही बरं नव्हतं. “अकरा वर्षं रोज सकाळी मीच देत होते. सवयीनं तोंडातून गेलं. औषध विचारलं म्हणजे मोडलेला हात जुळला का?”

 बाईंनी घड्याळात पाहिलं. सही व्हायला चाळीस मिनिटं होती.

“अजून सही झालेली नाही,” त्या हळू म्हणाल्या. “मी ही तडजोड मागे घेऊ शकते. पण नीट ऐका. मागे घेतली तर खटला चालेल, आणि तो सगळा तुमच्या बोलण्यावर उभा राहील, कारण बाकी पुरावा आम्ही गोळाच केलेला नाही. ऐनवेळी तुम्ही फिरलात तर तो पूर्ण सुटेल. आज मिळतंय ते वर्षसुद्धा जाईल, तो त्या रात्री घरी असेल. तुम्ही फिरणार नाही, असं सांगू शकता?”

तिनं कार्डांच्या कडा जुळवल्या. “नाही सांगू शकत,” ती शेवटी म्हणाली. “त्याची आई रोज फोन करते. त्या दिवशी माझं काय होईल ते मला कसं ठाऊक असणार? तुम्हाला मात्र वीस मिनिटांत ठाऊक झालं होतं.” मग म्हणाली, “पण मला विचारा तरी.”

आजोबा एव्हाना फाईल घ्यायला वर आला होता आणि खांबाआडून त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बाईंना बाजूला घेतलं. “बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ती स्वतःच म्हणतेय की सांगता येत नाही. आणि तुम्ही त्या रकान्यात ‘होय’ केलंय. आता आत जाऊन काय सांगणार? मी खोटी खूण केली म्हणून? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

आजोबाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाई त्याच्याशी वादही घालू शकल्या नाहीत. तिच्या बाजूनं पाहिलं तरी पक्कं वर्ष सोडून अधांतरी काहीतरी पकडायचं, हा वेडेपणाच होता. पण ते वर्ष तिच्यासाठी दोघा वकिलांनी जिन्यात ठरवलं होतं, आणि ती नऊ वाजल्यापासून भलत्याच दारासमोर बसली होती. चहा तसाच कट्ट्यावर ठेवून बाई आत गेल्या.

“साहेब, सकाळच्या प्रकरणात मी रकान्यात ‘होय’ केलं, आणि आपण विचारल्यावरही ‘होय’ म्हणाले. ते खरं नव्हतं. मी तक्रारदाराला विचारलं नव्हतं. ती बाहेर उभी आहे आणि तिला साक्ष द्यायची आहे.”

मधाचं बोट ताडकन उभे राहिले आणि त्यांच्या आवाजातला मध तेवढ्यापुरता आटला. न्यायाधीशांनी रुमाल बाजूला ठेवला. त्यांनी बाईंना जे सुनावलं ते सगळं शब्दशः नोंदवायला सांगितलं, आणि टंकलेखकानं मान खाली घालून ते नोंदवलं. तडजोड रद्द झाली. सहा आठवड्यांनंतरची तारीख पडली, आणि तोवर नवऱ्यानं लांबच राहायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून थोरल्या साहेबांनी बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. “एकोणीस वर्षं झाली ना तुम्हाला?” एवढंच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मग सहा आठवडे बाई त्या फायलीमागे लागल्या. रेघ असती तर पहिल्याच आठवड्यात झालं असतं ते सगळं आता करायला घेतलं. हाड बसवणारे डॉक्टर नोकरी सोडून परदेशी गेले होते, पत्त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी लिहून ठेवलेल्या कागदावर एकच ओळ होती: ‘दारात हात अडकला.’ दुसरे डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो उजेडावर धरून म्हणाले, अडकला की दाबला, हे आता मी शपथेवर कसं सांगू? तेव्हा हात बघायला हवा होता. तिच्या पलीकडच्या घरातल्या शेजारणीनं त्या दिवशी ओरडणं ऐकलं होतं. पण तो दिवस कुठला, हे तिला आता आठवेना. “तेव्हाच विचारलं असतंत तर,” असं ती तीन वेळा म्हणाली. तिन्ही वेळा बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात चष्मेवाली फोन उचलेनाशी झाली. आधी दोन वेळा वाजून बंद झाला, मग नुसताच बंद. दुकानात विचारलं तर ती रजेवर गेली होती.  फायलीवरचा गोल आजोबानं अजून खोडला नव्हता, हे बाईंनी पाहिलं होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आपल्या मनाच्या टोचणीसाठी आपण दुसऱ्या बाईचं पक्कं वर्ष पणाला लावलं, ही गोष्ट कुठल्याही कुशीवर वळलं तरी तशीच होती.

खटल्याच्या दिवशी साडेदहाला ती जिना चढून आली. तिच्या सोबत एक उंच, जाडजूड बाई होती, आणि त्या बाईचा चेहरा हुबेहूब नवऱ्याचा होता. त्याची थोरली बहीण असणार, यात शंका नव्हती. वकीलबाईंच्या लगेच मनात आलं: आपलेच दात आणि आपलेच ओठ, घरात बसून मिटवलेलं दिसतंय, आणि आता नणंद पहाऱ्याला आली आहे. कागद छातीशी धरून त्या पुढे झाल्या.

“तुमचा फोन लागत नव्हता.”

“तो माझ्याकडे आहे,” नणंद म्हणाली. “मीच काढून घेतला. आमची आई दिवसातून दहा वेळा हिला फोन करून रडायची. माझ्या लेकाचं वाटोळं करू नकोस, म्हणून. ही ऐकून घ्यायची, रात्रभर जागायची. शेवटी हिला उचलून माझ्या घरी नेलं आठवडाभर.”

वकीलबाई म्हणाल्या, “पण तो तुमचा भाऊ...”

“पाठचा भाऊ आहे. म्हणून तर मला सांगायला नको तो कसा आहे.” मग तिनं भावजयीच्या पाठीवर हात ठेवला. “जा गं आत. मी मागच्या बाकावर बसते. पाणी हवं असलं तर माझ्याकडे बघ.”

“हो ताई,” ती म्हणाली आणि आत गेली.

वकीलबाईंनी साक्षीसाठी अठ्ठावीस प्रश्न लिहून आणले होते. फिरणाऱ्या बाईला वळणावर ठेवायला असे छोटे, बांधलेले प्रश्न लागतात, ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच फट ठेवणारे. त्यांनी कागद पालथा घातला. “त्या दिवशी काय झालं, ते तुमच्या पद्धतीनं सांगा,” म्हणाल्या आणि खाली बसल्या. सरकारी वकिलाला गप्प बसणं जड जातं. त्यांनाही गेलं.

तिनं कार्डं काढली, पण ती वाचली नाहीत. नुसती हातात धरली. बोलायला लागण्याआधी ती इतका वेळ थांबली की न्यायाधीशांनी वर पाहिलं. मग ती बोलू लागली. जिन्याखालची खोली किती रुंद, त्यात काय काय ठेवलेलं, दार कुठल्या बाजूला उघडतं. आधी कितीदा ती तिथे बसली होती, आणि तिथे बसून बाहेर त्याच्या चपलांचा आवाज ऐकत तो थंड झाला की नाही हे कसं ओळखायची. मग तो दिवस, चौकट, खांदा. आपण ‘हात, हात’ एवढंच म्हणत होतो, आणि तो दारापलीकडून म्हणत होता, आता लाव दार, लाव ना.

“असं नव्हतं ते!” नवरा उठला. “हिनंच आधी...”

“तुम्हाला वेळ मिळेल. आता गप्प बसा,” न्यायाधीश म्हणाले. तो बसला. थोड्या वेळानं पुन्हा त्याचं तोंड उघडलं, तेव्हा मधाच्या बोटानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

उलटतपासणीत मधाचं बोट पुन्हा पहिल्यासारखे गोड झाले. “डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत की दारात हात अडकला. खोटं सांगितलंत?”

“खरंच सांगितलं. दारातच अडकला होता. दारामागे कोण होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि तो माझ्या शेजारी उभा होता.”

“अकरा वर्षं राहिलात त्याच्याबरोबर. म्हणजे माणूस एवढा वाईट नसणार.”

“नव्हता,” ती म्हणाली. “रविवारी चांगला असायचा.”

मागच्या बाकावरून नणंदेचा हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. एकूण चाळीस मिनिटं झाली. ती फिरली नाही.

निकाल आठवड्यानं लागला. नवऱ्यानं मारहाण केली, हे सिद्ध झालं. हाड जाणूनबुजून मोडलं, हे मात्र सिद्ध झालं नाही. डॉक्टरी मत नाही आणि ते वेळेत का घेतलं नाही याचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. साधी मारहाण. वर्षभर घरापासून आणि दुकानापासून लांब. राग आवरायचे वर्ग, सव्वीस आठवडे.

मधाचं बोट बाहेर येऊन बाईंजवळ थांबले. “सहा आठवडे पळालो आपण दोघं, आणि आलो कुठे? जिन्यातच. मी हेच देत होतो ना?” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरंच नवल होतं. 

चष्मेवाली बाकावर बसली होती. नणंद खाली गाडी काढायला गेली होती. वकीलबाई तिच्या शेजारी बसल्या. एरवी त्या तक्रारदाराशेजारी बसत नसत, उभ्यानंच सांगून जात.

“सगळं सांगते,” त्या म्हणाल्या. “आज मिळालं ते तुम्हाला त्याच दिवशी मिळालं असतं, अगदी हेच, सव्वीस आठवड्यांसकट. आणि हाताचं सिद्ध झालं नाही, ते माझ्यामुळे. तुम्ही पहिल्यांदा भेटून गेलात तेव्हा मी तुमच्या फायलीवर गोल काढायला सांगितला. गोल म्हणजे ही बाई फिरणार. गोल असला की आम्ही डॉक्टरांना विचारत नाही, शेजाऱ्यांना विचारत नाही. विचारलं असतं तर आज निकाल वेगळा लागला असता.”

ती ऐकत होती. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत होती. “आणखी कितीजणींवर काढलाय तो गोल?”

“पुष्कळ.”

“मला राग आलाय तुमचा,” ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, आणि बाईंनी तो राग मुकाट्यानं घेतला. खालून गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. जिन्यापर्यंत गेली आणि वळली.

“पण हेच मिळालं असतं, असं म्हणू नका. त्या दिवशी तो तुमच्याशी बोलून सुटला असता. आता माझ्याकडून ऐकून गेला. चाळीस मिनिटं त्याला गप्प बसावं लागलं.”

एवढं बोलून ती कठड्याला उजवा हात धरून सावकाश खाली उतरली.